मुंबईचं वर्ष वाऱ्याच्या दिशेवरून ओळखावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचं एक कुटुंब नोकरीमुळे कायमचं मुंबईत राहायला येतंय. त्यांनी वर्षभराच्या सरासरी तापमानाचा तक्ता पाहिला, तर दिवसाचं कमाल तापमान बाराही महिने ३० ते ३४ अंशांच्या आत. मग मुंबईत वेगळे ऋतू असतात का? घरातल्या वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना कोणते महिने जड जातील? आणि पावसाळ्यातले इशारे नेमके कसे वाचायचे?

हवामानाच्या नोंदी आणि अंदाज यांच्या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत पक्कं झालंय: मुंबईसाठी तापमानाचा तक्ता फारसा कामाचा नाही. इथे आधी बघायचं ते वारा कुठून येतोय. समुद्रावरून, पश्चिमेकडून आला तर एक हवा. घाट उतरून पूर्वेकडून आला तर अगदी वेगळी. आणि उत्तरेकडून आला तर तिसरीच, जी वर्षातून थोडे दिवसच अनुभवायला मिळते.

तक्त्यातले आकडे बरोबरच आहेत. उपनगरातल्या सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान ३१ अंशांच्या आसपास असतं, मेमध्ये ३३-३४, भर जुलैत ३० आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा ३४. नागपुरात मेची सरासरी दुपार ४२ अंशांच्या पुढे जाते, त्यामानाने हे काहीच नाही. याचं कारण समुद्र. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. मुंबईलगतच्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान हिवाळ्यात २४-२५ अंश आणि मेमध्ये ३० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षभरातला फरक पाच-सहा अंशांचा. त्यावरून आलेली हवा शहराला त्याच पट्ट्यात धरून ठेवते. पण या तक्त्यातही रात्रीचा रकाना वाचा, तिथे ऋतू दिसतात. सांताक्रूझची जानेवारीतली पहाट सरासरी १७ अंशांची, मेमधली २७ अंशांची. दिवस आणि रात्र यांतला फरक जानेवारीत १४ अंशांच्या घरात असतो, जुलैत जेमतेम पाच.

आता फेब्रुवारीच्या शेवटापासून सुरुवात करतो, कारण मुंबईबाहेरून येणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत याच काळात होते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, ते खारे वारे. रात्री उलटं, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. मुंबईतल्या कुठल्याही कोरड्या दिवसाचं कमाल तापमान ठरतं ते खारा वारा किती वाजता सुरू होतो यावर. तो सकाळी अकरा-बाराला सुरू झाला तर पारा ३२-३३ वर थांबतो. पण महाराष्ट्रावर किंवा मध्य भारतावर जास्त दाबाचं क्षेत्र असलं की पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात येतो आणि खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो. शिवाय ही हवा सह्याद्री उतरून खाली येते, आणि खाली येणारी हवा दाबली जाऊन आणखी तापते. खारा वारा दुपारी दोन-अडीचपर्यंत लांबला की तेवढ्या वेळात पारा ३८-३९ ला जाऊन पोचतो.

म्हणून मुंबईचे उच्चांक मेमध्ये सापडत नाहीत. सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक ४२.२ अंश आहे, १४ एप्रिल १९५२ चा. मार्च महिन्यातही तिथे ४१.७ अंश नोंदले गेले आहेत. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीच्या अखेरीसच पारा ३८.७ वर होता. नागपूरकराला ३८ अंश ऐकून काळजी वाटणार नाही, पण भारतीय हवामान विभागाचा निकषही किनाऱ्यासाठी वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांना पोचल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त एवढं पुरतं. हे योग्यच आहे, कारण इथल्या लोकांचं शरीर, इथली घरं आणि कामाच्या वेळा तेवढ्या उष्णतेला सरावलेल्या नाहीत. त्या दिवसांत सकाळी अंदाजात ‘पूर्वेकडचे वारे’ असा उल्लेख दिसला तर वयस्कर माणसांची बाहेरची कामं दहाच्या आत उरकावीत. दुपारी तीननंतर खिडकीतून अचानक दमट झुळूक येऊ लागली की समजावं, खारा वारा आत आला आणि पारा उतरायला लागला.

एप्रिलच्या मध्यानंतर हा प्रकार कमी होतो आणि उकाड्याचं राज्य सुरू होतं. हा खरा जड काळ, आणि तोच तक्त्यात अजिबात दिसत नाही. इथे दवबिंदू पाहायला शिका. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातली वाफ पाण्याच्या रूपात बाहेर पडेल, तो आकडा म्हणजे दवबिंदू. हवेत खरोखर वाफ किती आहे हे तो थेट सांगतो, सापेक्ष आर्द्रतेसारखा दिवसभर खाली-वर होत नाही. मुंबईत मेमध्ये तो २५ अंशांच्या आसपास असतो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५. घाम सुकतो तो त्वचेवरच्या आणि हवेतल्या वाफेच्या दाबात फरक असतो म्हणून. तो फरक इतका कमी झाला की घाम अंगावरून ओघळतो पण सुकत नाही, आणि सुकला नाही तर शरीराला गारवा मिळत नाही. त्यात रात्रीही पारा २७-२८ च्या खाली उतरत नाही, त्यामुळे शरीराला रात्रीची सुट्टी मिळत नाही. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं घेणाऱ्यांसाठी मला दुपारच्या ३४ अंशांपेक्षा रात्रीचे २९ अंश जास्त काळजीचे वाटतात.

यातून एक अगदी व्यवहारी गोष्ट निघते. नागपूरचा कूलर मुंबईला आणू नका. तो पाण्याचं बाष्पीभवन करून हवा गार करतो. विदर्भाच्या कोरड्या मेमध्ये तो उत्तम चालतो, पण २५ अंश दवबिंदूच्या हवेत तो खोलीत फक्त दमटपणा वाढवतो. इथे कामाला येतो तो पंखा, समोरासमोरच्या खिडक्या आणि ऐपत असेल तर एसी, तोही आर्द्रता काढून टाकतो म्हणून.

मेच्या शेवटी घाटमाथ्यावर आणि ठाणे जिल्ह्याच्या आतल्या भागात संध्याकाळी ढग जमतात, गडगडाट होतो, कधीकधी त्यातली एखादी सर मुंबईपर्यंत येते. हा वळवाचा पाऊस, याला मान्सून समजू नये. याच काळात आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं तयार होतात. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, तरी शहराच्या दक्षिण टोकाच्या कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वादळ आपल्या शहरावर येणार नाही एवढ्याने निर्धास्त राहू नये, ते किती अंतरावरून जाणार हे विचारावं.

मान्सून मुंबईत येण्याची सरासरी तारीख ११ जून. आधी ती १० जून होती; २०२० मध्ये हवामान विभागाने १९६१ ते २०१९ च्या नोंदींवरून सगळ्या देशातल्या आगमनाच्या तारखा सुधारल्या. परतीची तारीख मात्र मोठी सरकली, २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. सरासरी तारीख म्हणजे वेळापत्रक नव्हे. २०२३ मध्ये मान्सून मुंबईत २५ जूनला आला, आणि दिल्लीत त्याच दिवशी. असं त्याआधी १९६१ मध्ये झालं होतं. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला, १९५० पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं आणि जुनी माणसं त्यावर नजर ठेवून असतात. त्या अंदाजात पिढ्यांचं निरीक्षण आहे, पण गाडीच्या तिकिटांसारखा बेत त्यावर बांधू नये.

मुंबईत एवढा पाऊस पडतो कसा, हे समजलं की इशारेही समजतात. जूनपासून सोमालियाच्या किनाऱ्याजवळून निघालेला वेगवान झोत, समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवरून, अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येतो. वाटेत तो हजारो किलोमीटर समुद्रावरची वाफ गोळा करतो. पुढे सह्याद्रीची भिंत. हवा वर ढकलली जाते, थंड होते, पाणी सोडते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि घाटापलीकडच्या पुण्याला सातशेच्या आसपास पाऊस पडतो, तो याच भिंतीमुळे. मुंबई मात्र घाटावर नाही, भिंतीच्या पायथ्यापासूनही लांब, समुद्रकाठी आहे. नुसत्या घाटामुळे तिला मध्यम पाऊस मिळेल. तिला झोडपतो तो किनाऱ्यालगत तयार होणारा कमी दाबाचा लांबट पट्टा, ज्याला अंदाजात द्रोणीय स्थिती म्हणतात. गुजरातपासून केरळपर्यंत तो पसरलेला असतो आणि त्यातच मधूनमधून छोटे भोवरे तयार होतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन मध्य भारताकडे सरकत असलं तर अरबी समुद्रावरचा वारा आणखी जोर धरतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुंबईत सलग तीन-चार दिवस मुसळधार. अंदाजात ‘किनाऱ्यालगत द्रोणीय स्थिती’ आणि ‘उपसागरात कमी दाब’ हे दोन्ही एकाच वेळी दिसले तर त्या आठवड्यातले प्रवासाचे बेत सैल ठेवावेत.

वर्षाचा पाऊस कुलाब्याला सुमारे २,२०० मिलिमीटर, सांताक्रूझला त्याहून दोन-तीनशेने जास्त. त्यातला एक तृतीयांशापेक्षा जास्त एकट्या जुलैत पडतो. पण पावसाची सरासरी शहरभर सारखी वाटणं हा मोठा गैरसमज आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही वेधशाळांमध्ये पंचवीस किलोमीटरचंही अंतर नाही. त्या दुपारी दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना उपनगरात काय चाललंय याची कल्पना खिडकीतून येणं शक्यच नव्हतं, आणि त्यातले कित्येक जण नेहमीप्रमाणे घरी निघाले. म्हणून आपण आहोत तिथला पाऊस पाहून निघायचं की थांबायचं हे ठरवू नये; जायचं आहे तिथला आणि वाटेतला पाऊस विचारावा. आता कुलाबा आणि वेरावली इथे ढग आणि पाऊस दुरून टिपणारी डॉप्लर रडार आहेत, आणि त्यांच्या आधारावर पुढच्या तीन तासांचा इशारा दिला जातो. पावसाळ्यात घराबाहेर पडताना मला पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा हा तीन तासांचा इशारा जास्त भरवशाचा वाटतो.

इशाऱ्यांचे शब्द ठरीव मापाचे आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ ते २०४.४ ‘अतिजोरदार’, त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. हा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात, त्यामुळे बातमीतला आकडा कालच्या रात्रीचा असू शकतो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण मुंबईसाठी एक गोष्ट या मापात बसत नाही: तेवढा पाऊस किती तासांत पडला. शंभर मिलिमीटर दिवसभरात विखुरला तर मुंबई चालू राहते. तोच दोन तासांत पडला तर अंधेरीचा भुयारी मार्ग, हिंदमाता, सायन बुडतात. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, त्याही ओहोटीच्या वेळचं गृहीत धरून. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानुसार ती क्षमता ५० मिलिमीटर करण्याचं काम हाती घेतलं गेलं आणि २००५ नंतर त्याला वेग आला. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह इथली पंपिंग स्टेशनं त्यातलीच.

आणि ओहोटीवरून आठवलं: मुंबईत पावसाचा अंदाज भरतीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवूनच वाचावा. नाल्यांची समुद्रातली बरीच तोंडं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. भरती असताना पाणी बाहेर जाऊ शकत नाही, उलट आत येऊ नये म्हणून दारं बंद करावी लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची भरती येते, सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी उंचीची. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आडाखा ढोबळ आहे पण चांगला चालतो. त्यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते: मुंबईत उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागेच येते. साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या भरत्यांच्या तारखा महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी जाहीर करते. तो कागद फ्रिजवर लावून ठेवावा. नारिंगी इशारा आणि त्या यादीतली तारीख एकत्र आली तर मुलांना शाळेतून आणण्याची वेळ भरतीच्या दोन तास आधीची किंवा नंतरची ठेवावी.

पावसाचा कंटाळा येईल तेव्हा तलावांची बातमी पाहा. तुळशी आणि विहार शहरातच आहेत, पण पाण्याचा मोठा भाग भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि उर्ध्व वैतरणा या लांबच्या तलावांतून येतो. मुंबईत तुंबेपर्यंत पडलेला पाऊस नळाला येत नाही. शहापूर-मोखाड्याकडे पडलेला येतो. रस्ते पाण्याखाली आणि तरी पाणीकपात चालू, हे जूनअखेरीस दिसलं तर गोंधळून जाऊ नका.

श्रावणात पाऊस हलका होतो. मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला तर इथे काही दिवस उघडीपही मिळते. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमा होते, १ जून ते ३१ जुलैच्या बंदीनंतर होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागतात. सप्टेंबरअखेरच्या हस्तात पुन्हा दुपारनंतर ढग दाटून विजांसह सरी येतात. जुलैत मुंबईला वीज क्वचितच दिसते, त्यामुळे या सरी वेगळ्या ओळखू येतात: पश्चिमेचा वारा पडला, पूर्वेकडून ढग येऊ लागले.

मग ऑक्टोबर. ढग जातात, ऊन थेट पडतं, जमिनीत ओल शिल्लक असते, आणि नैर्ऋत्येचा वारा थांबलेला असतो पण उत्तरेचा अजून सुरू झालेला नसतो. वारा नसलेला हा एकमेव मोठा काळ, म्हणून तो अंगावर येतो. उकाडा मेपेक्षा फार कमी नाही, फक्त पहाट जरा बरी असते. वयस्कर माणसांसाठी मी एप्रिलचा उत्तरार्ध, मे आणि ऑक्टोबर हे महिने जड धरतो.

थंडी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे वारे येतात आणि दोन-चार पहाटा सांताक्रूझला १४-१५ अंशांपर्यंत उतरतात. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्यात, त्यामुळे तिथे दोन-तीन अंश जास्तच. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश आहे, जानेवारी १९६२ चा. नागपूरकरांना याला थंडी म्हणणं जड जाईल, पण सामान हलवायला आणि घर लावायला हाच काळ निवडा. एकच गोष्ट सांभाळा: रात्री जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वारा मंद असतो, आणि धूर-धूळ त्या थरात अडकते. मतलई वाऱ्याने समुद्राकडे गेलेली धूळ दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर परतही येते. दम्याचा त्रास असलेल्यांनी या महिन्यांत पहाटे सहाऐवजी दहाच्या सुमारास, नाहीतर संध्याकाळी लवकर फिरायला जावं.

घर शोधताना एवढं पाहा. पावसाळ्यात सर नैर्ऋत्येकडून तिरकी येते, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींना आतून ओल आहे का, रंगाचे पापुद्रे सुटलेत का ते हात लावून बघा. इमारतीला त्या बाजूंनी दर वर्षी ताडपत्री लावावी लागत असेल तर शेजारी सांगतीलच. पण त्याच बाजूच्या खिडक्यांतून मार्च ते मे दुपारचा खारा वारा येतो, त्यामुळे पश्चिमेची खिडकी असलेलं घर नाकारू नका, भिंत कोरडी असलेलं निवडा. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत असाल तर एसीचं बाहेरचं युनिट आणि खिडक्यांचे गज मिठाने लवकर गंजतात. जुलैत लाकडी कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आणि नागपूरहून आणलेल्या गाद्या सप्टेंबरच्या पहिल्या स्वच्छ उन्हात गच्चीवर टाका.